सासूबाईंचं चूर्ण आणि नारिंगी ठिपके

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या. बॅग उघडण्याचा कार्यक्रम तुमच्याकडे होतो तसाच आमच्याकडेही जमिनीवर फतकल मारून झाला. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, नातवासाठी राजगिऱ्याच्या वड्या, आणि अगदी तळाशी, दोन साड्यांच्या घडीत, पिवळट तपकिरी चुर्णाची एक बाटली. वर चिठ्ठी चिकटवलेली: "सर्पगंधा. पाव चमचा, सकाळ-संध्याकाळ."

"आई, हे कशाला? तुमच्या बीपीच्या गोळ्या आहेत ना?"

"आहेत की. त्या डॉक्टरांच्या. हे आपल्या वैद्यबुवांचं. दोन्हींनी जास्त चांगलं."

मी पुढे काही बोलले नाही. सहा महिने एका घरात राहायचं, तर पहिल्याच दिवशी बाटलीवरून वाद कशाला?

जून बरा गेला. जुलैपासून आई गप्प होऊ लागल्या. दुपारभर झोपायच्या, तरी संध्याकाळी डोळे जड. नाक कायम चोंदलेलं. खुर्चीतून उठल्या की दोन क्षण भिंतीला धरून उभ्या राहायच्या. आम्ही आपसात कारणं वाटून टाकली. नाक म्हणजे इथलं पोलन. झोप म्हणजे उन्हाळा. गप्प म्हणजे करमत नाही. इथे ना कट्टा, ना शेजार, ना मंदिर. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील इथे येऊन राहतात, त्यांना हे शेवटचं कारण किती पटकन पटतं ते सांगायला नको. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की व्हिजिटर इन्शुरन्सचा फॉर्म डोळ्यांपुढे यायचा आणि बेत पुढच्या आठवड्यावर जायचा.

ऑगस्टच्या शेवटी मंडळाच्या गणपतीची तयारी सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा अथर्वशीर्षाची आवर्तनं आईंनीच सांगितली होती. या वेळी विचारायला फोन आला, तर म्हणाल्या, "नको गं, कुणी दुसरं बघा." मला ते खटकलं. आणि मला जे येतं तेच मी केलं: चूर्ण तपासायला घेतलं.

मी एका कॉलेजात मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स शिकवते. सर्पगंधेच्या मुळात भेसळ होते हे ऐकून होते. झाड रानातून ओरबाडून इतकं दुर्मिळ झालं, की १९९० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराचे निर्बंध आहेत. माल कमी आणि मागणी जास्त, म्हणजे भेसळ आलीच. माझा तर्क सरळ होता: चूर्ण खोटं असणार, हे एकदा सिद्ध केलं की आई ते सोडतील.

तपासणीची पद्धत थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे टीएलसी. नाव लांबलचक असलं तरी तत्त्व तुम्ही शाळेत पाहिलेलं आहे. टीपकागदावर शाईचा थेंब टाकायचा, कागदाचं टोक पाण्यात बुडवायचं. पाणी चढतं आणि काळ्या शाईतून निळा, जांभळा, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात. टीएलसीत कागदाऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिकाचा पातळ थर असतो आणि पाण्याऐवजी द्रावकांचं मिश्रण. गर्दीच्या बाजारातून माणसं चालली आहेत अशी कल्पना करा. कुणी प्रत्येक दुकानाशी रेंगाळतो, कुणी सरळ पुढे निघून जातो. सिलिका म्हणजे दुकानं, द्रावक म्हणजे गर्दीचा रेटा. ठरावीक वेळाने कोण कुठवर पोहोचला यावरून तो कोण, याचा अंदाज करायचा.

या पद्धतीचा जन्मच औषधी वनस्पतींच्या तपासणीतून झाला. १९३८ साली खारकीव्हमध्ये इझमाइलोव्ह आणि श्रायबर या दोन संशोधकांनी काचपट्टीवर ॲल्युमिनाचा थर पसरून वनस्पतींचे अर्क वेगळे केले. पुढे १९५० च्या दशकात जर्मनीत एगॉन श्टाल यांनी सिलिकाचा दर्जा आणि कृती यांची घडी बसवली आणि टीएलसी जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

सर्पगंधेच्या मुळात पन्नासहून अधिक अल्कलॉइड आहेत. रक्तदाब उतरवणारं त्यातलं मुख्य म्हणजे रेसर्पिन. तुलनेसाठी शुद्ध रेसर्पिन हवं होतं, ते अगदी सहज मिळालं. मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राची संवेदनशीलता तपासायला जगभर रेसर्पिनच वापरतात. शेजारच्या विद्यापीठातल्या एका सहकाऱ्याने तपकिरी कुपीत थोडं द्रावण दिलं. तपकिरी अशासाठी, की उजेडात ते बिघडतं.

पहिली पट्टी मी घाईत केली. चिमूटभर चूर्ण मेथॅनॉलमध्ये हलवलं, गाळलं, जाड केशनळीने पट्टीवर टेकवलं. द्रावक म्हणून मुलांच्या पालकाच्या प्रयोगातलं उरलेलं हेक्झेन-ॲसिटोन. पट्टी वाळवून तिच्यावर ड्रागेनडॉर्फचं द्रावण फवारलं. बिस्मथ आणि आयोडाइडचं हे मिश्रण अल्कलॉइड दिसला की नारिंगी होतं. रेसर्पिनच्या रांगेत सुबक नारिंगी ठिपका उमटला. आईंच्या चुर्णाच्या रांगेत मात्र तळापासून वरपर्यंत एक मळकट ओघळ. रेसर्पिनच्या उंचीवर वेगळा असा ठिपका नाहीच.

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "आई, तुमच्या बाटलीत सर्पगंधा नाही. दुसरंच काहीतरी कुटून दिलंय. घेतलंत काय नि नाही घेतलंत काय, सारखंच."

आई काही बोलल्या नाहीत. ताटातली भाजी संपवली, उठल्या, आणि आमच्यासमोरच पाव चमचा चूर्ण पाण्याबरोबर घेतलं. वैद्यबुवा त्यांच्या माहेरच्या वाड्यातले, भावासारखे. मी त्यांना चोर ठरवलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, जाऊ दे, निरुपद्रवी आहे, घेऊ देत.

"निरुपद्रवी" हा शब्द मी कशाच्या जोरावर वापरला? एका ओघळाच्या.

पुढच्या आठवड्यात वर्गात एका मुलीने अशीच ओघळ आलेली पट्टी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "म्हणजे यात ते नाही, असं लिहू का?" मी सवयीने म्हणाले, "ओघळ म्हणजे 'नाही' नव्हे. ओघळ म्हणजे वेगळं झालंच नाही." म्हटलं आणि मीच थबकले.

त्या संध्याकाळी थांबून मी सगळं पहिल्यापासून केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवून.

आधी अर्क. मेथॅनॉल भोळं आहे. साखर, टॅनिन, रंग, जे येईल ते ओढून आणतं. शिवाय मुळात अल्कलॉइड आम्लांशी बांधलेले, क्षारांच्या रूपात असतात. म्हणून चूर्ण अमोनियाने ओलं केलं. त्याने ते सुटे होतात. मग डायक्लोरोमिथेनमध्ये काढून घेतले. अर्काचा रंगच निवळला.

मग द्रावक. सिलिकाचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि अल्कलॉइड असतात बेस, म्हणजे आम्लाला चिकटणारे. सर्पगंधेतली सर्पेंटाइनसारखी तीव्र बेस तर सिलिकावर अशी चिकटतात की थोडी इथे, थोडी तिथे सांडत ओढत जातात. रेसर्पिन त्या मानाने दुबळा बेस, पण दांडग्यांच्या ओघळीखाली तो झाकला जातो. यावर उपाय म्हणजे द्रावकातच एखादा छोटा बेस घालायचा. वनस्पतींच्या अल्कलॉइडसाठी बरंच वापरलं जाणारं मिश्रण आहे: टोल्यूइन सात भाग, एथिल ॲसिटेट दोन, डायएथिलअमाइन एक. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं डायएथिलअमाइन सिलिकावरच्या आम्लधर्मी जागा आधीच धरून ठेवतं. मागून आलेल्या अल्कलॉइडना बसायला जागाच नाही. ते मुकाट पुढे सरकतात आणि ओघळीचे ठिपके होतात.

ही पट्टी नीट यायला हवी होती. पण फवारा मारल्याबरोबर पट्टीच सगळी नारिंगी! डायएथिलअमाइन स्वतः अमाइन. पट्टीत राहिलेला त्याचा अंश ड्रागेनडॉर्फला लागला. पुढची पट्टी धुराड्याखाली गरम हवेने पार वास जाईपर्यंत वाळवली, मगच फवारली. आता ठिपके दिसले, पण फुगलेले, एकमेकांत घुसलेले.

म्हणून थेंब लहान केला. केशनळी ज्योतीवर ओढून केसासारखी बारीक केली. एकदा टेकवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा टेकवायचं. डाग दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. पहिल्या वेळी माझा डाग हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. जिथून निघतानाच एवढी गर्दी, तिथे पुढे रांग कशी लागणार?

मग बरणी. बरणीत आत गाळणकागद लावून, झाकण ठेवून, अर्धा तास द्रावकाची वाफ भरू दिली. वाफ भरलेली नसली की चढता चढता द्रावक पट्टीवरून उडत राहतं, त्यातला जो भाग जास्त उडतो तो कमी होतो, आणि कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वर जातात. शेवटी पट्टी. इथला ऑगस्ट तुम्हाला माहीत आहे, हवा नुसती पिळावी अशी. सिलिका हवेतलं पाणी पिऊन सुस्त होते. वापरण्याआधी पट्टी १०५ अंशांवर अर्धा तास तापवली.

शेवटच्या पट्टीवर तीन रांगा घेतल्या. पहिलीत शुद्ध रेसर्पिन, दुसरीत आईंचं चूर्ण, आणि मधे, दोन्ही एकाच जागी, एकावर एक. ही मधली रांग महत्त्वाची. दोन पदार्थ वेगळे असतील तर तिथे ठिपका लांबट होतो किंवा फुटतो. एकच असतील तर एकच गोल राहतो. पट्टी एकदा चालवली, वाळवली, आणि त्याच द्रावकात पुन्हा चालवली, म्हणजे अगदी जवळजवळ चालणारे ठिपकेही सुटतात.

पहिल्यांदा अतिनील दिव्याखाली धरली. चुर्णाच्या रांगेत खाली निळं चमकणारं काही, वर हिरवट पिवळं. मग फवारा. एकाखाली एक नारिंगी ठिपके उमटत गेले, जणू कुणी पणत्या मांडत होतं. त्यातला एक बरोबर रेसर्पिनच्या उंचीवर. मधल्या रांगेत तो गोल आणि एकच होता.

चूर्ण अस्सल होतं. आठवडाभर मी वैद्यबुवांना चोर म्हणत होते त्याची लाज वाटली. पण ती लाज मिनिटभरच टिकली, कारण पाठोपाठ दुसरा विचार आला. चूर्ण अस्सल आहे, म्हणजे आई गेले चार महिने खरोखरचं रेसर्पिन घेत आहेत.

या औषधाची ताकद जगाला सांगितली ती आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरच्या परिणामाचा अभ्यास १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. त्यानंतर काही वर्षं ते रक्तदाबावरचं आणि मनोविकारांवरचं मोठं औषध होतं. १९५७ साली वकिलांना त्यासाठी अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. पुढे हे औषध मागे पडण्याचं एक कारण त्याचे दुष्परिणाम: नाक चोंदणं, गुंगी, नाडी मंदावणं, उठताना चक्कर आणि मन उदास होणं.

ही यादी मला तोंडपाठ होती. तरी त्या रात्री ती पुन्हा वाचताना हात गार पडले. यादीतली प्रत्येक गोष्ट आमच्या घरात कोचावर बसलेली होती, आणि आम्ही तिला पोलन आणि करमत नाही अशी नावं दिली होती.

पाव चमचा चूर्ण मी तोलून पाहिलं. साधारण अर्धा ग्रॅम. दोन वेळचं मिळून एक ग्रॅम. चांगल्या मुळात रेसर्पिनच्या गटातले अल्कलॉइड ०.१५ टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे दिवसाला सुमारे दीड मिलिग्रॅम. रेसर्पिनची गोळी द्यायचे तेव्हा दिवसाची मात्रा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम असायची. चुर्णातलं सगळंच अंगात उतरत नाही हे मान्य, आणि माझ्या पट्टीने मात्रा मोजलेली नव्हती. टीएलसीचा ठिपका फक्त 'आहे' म्हणतो, किती ते सांगत नाही. तरी हिशेब झोप उडवायला पुरेसा होता. त्यावर आईंच्या डॉक्टरांच्या गोळ्यांत ॲटेनोलॉल, ते पुन्हा नाडी मंद करणारंच.

दुसऱ्या दिवशी इन्शुरन्सचा फॉर्म बाजूला ठेवून डॉक्टरांकडे गेलो. नाडी मिनिटाला ४८. ईसीजी काढला. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चूर्ण त्या दिवसापासून बंद करायला सांगितलं आणि ॲटेनोलॉलची मात्रा हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली बदलली; ती गोळी एकदम तोडायची नसते. रेसर्पिनचा असर उतरायला काही आठवडे लागतील, असंही सांगितलं. पट्टीवरचा एक ठिपका म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून माझ्या सहकाऱ्याला त्याच्या यंत्रावरही नमुना तपासायला दिला. रेसर्पिनचं वजन जिथे दिसायला हवं, ६०९ ला, तिथेच दिसलं.

परतताना गाडीत आईंनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे वैद्यबुवांनी फसवलं नव्हतं ना?"

"नाही आई. चूर्ण अगदी अस्सल होतं. चुकले मी. घाईत तपासलं आणि तुम्हाला नको ते बोलले."

त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीही कुठे सांगितलं होतं? वैद्यबुवांना गोळ्यांचं बोलले नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. डॉक्टरांना चुर्णाचं बोलले नाही, ते रागावतील म्हणून." आणि मग कितीतरी दिवसांनी हसल्या. "पण काय गं, खोटं असतं तर बरं झालं असतं म्हणायचं!"

गणपतीत त्या नुसत्या बसून होत्या. नवरात्रात दुपारची झोप सुटली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी कामावरून आले, तर गॅसवर कढई आणि टेबलावर वर्तमानपत्रभर चकल्या. "तुझी भाजणी जुनी झालीये, काट्याला तुटते," असं त्यांनी मला ऐकवलं. ऐकून इतकं बरं वाटलं!

हे सगळं लिहिलं ते घरी टीएलसी करा म्हणून नव्हे. टोल्यूइन आणि डायएथिलअमाइन स्वयंपाकघरात आणायच्या वस्तू नाहीत. मुलांना गंमत दाखवायची असेल तर कॉफीच्या गाळणकागदावर काळ्या स्केचपेनाची शाई पुरते. सांगायचं ते एवढंच, की आपल्या आईवडिलांच्या बॅगेतल्या चुर्णांबद्दल आपल्याकडे दोनच मतं असतात: झाडपाल्याचं आहे म्हणजे अपाय नाही, किंवा झाडपाल्याचं आहे म्हणजे उपयोग नाही. गंमत म्हणजे दोन्ही मतांचा माणूस डॉक्टरांना काही सांगत नाही. मी दुसऱ्या मताची होते, आणि रसायनशास्त्र शिकलेली असूनही एका ओघळीवर विसंबले.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. आईंच्या गोळ्या, चूर्णं, काढे, कधी आणि किती, सगळं एका खाली एक, त्यांच्याच अक्षरात. डॉक्टरांकडे जाताना तोच कागद न्यायचा आणि गावी गेल्यावर वैद्यबुवांनाही तोच दाखवायचा. वैद्यबुवांना मी फोन केला होता. ते म्हणाले, "अहो, गोळ्या चालू आहेत हे मला कळलं असतं, तर मी हे दिलंच नसतं."

माझ्या वहीत दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या आहेत, ओघळीची आणि ठिपक्यांची. ड्रागेनडॉर्फचा रंग वर्षभरात फिका पडत चाललाय. नव्या मुलांना पहिल्या प्रॅक्टिकलला मी त्या दाखवते आणि आधी ओघळीची पट्टी दाखवून विचारते, यावरून काय सांगता येईल? बहुतेक जण पटकन काहीतरी सांगतात. 'अजून काहीच नाही' असं म्हणणारा एखादाच असतो.

आई या डिसेंबरात पुन्हा येत आहेत. बॅगेत काय काय आहे त्याची यादी त्यांनी या वेळी आधीच फोनवर वाचून दाखवली आहे.